रोज पुस्तक वाचूनही न बोलणारा मुलगा : नागपुरातील एका कुटुंबाचे प्रकरण

या प्रकरणातील मुलगा जून महिन्यात भाषेच्या तपासणीसाठी आला तेव्हा दोन वर्षे आठ महिन्यांचा होता. कुटुंब दक्षिण नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला एका सदनिकेत राहते. वडील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, आई घरी बसून दुकानदारांचे हिशेब सांभाळते आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, नातवाच्या जन्मानंतर वर्धा जिल्ह्यातील आर्वीकडच्या गावाहून येऊन त्यांच्याजवळ राहिली आहे. ओळख पटू शकेल असे बाकीचे तपशील येथे वगळले आहेत. बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षिकेने मुलाला नाव विचारले, ते त्याने सांगितले नाही. खेळण्यातली बाहुली झोपवून ‘बाहुली काय करते?’ असे विचारले, त्याचेही उत्तर आले नाही. तेव्हा शिक्षिकेने स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घेण्यास सुचवले. घरच्यांना त्या वेळी त्याचा रागच आला होता, तरी तो सल्ला योग्य होता आणि वेळेवर दिलेला होता.

आईवडिलांनी पहिल्या भेटीत जी तक्रार मांडली, तिच्यामुळेच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले. ‘लहान मुलाला रोज पुस्तक वाचून दाखवा, म्हणजे त्याची भाषा वाढेल’ हा सल्ला त्यांनी वाचला होता आणि निष्ठेने पाळलाही होता. मुलगा दीड वर्षाचा असल्यापासून रात्री झोपण्यापूर्वी पुस्तक उघडले नाही असा दिवस त्या घरात क्वचितच गेला असेल. रात्रपाळी असली तर वडील संध्याकाळी निघण्यापूर्वी वाचून जात. इतके करूनही मूल बोलत नाही, तेव्हा एक तर मुलात काही दोष आहे किंवा त्या सल्ल्यातच काही तथ्य नाही, असे त्यांना वाटू लागले होते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या.

तपासणीत काय आढळले

मुलाकडे साठेक शब्द होते. इंग्रजी मुळाक्षरे आणि दहापर्यंतचे आकडे तो क्रमाने म्हणत असे. रंगांची, फळांची आणि वाहनांची इंग्रजी नावे त्याला येत होती, शिवाय आई, बाबा, आजी, पाणी, दूध, भूर असे घरातले शब्द होते. मात्र क्रियापद म्हणावे असे त्याच्याकडे ‘दे’ आणि ‘नको’ याखेरीज जवळजवळ काही नव्हते आणि दोन शब्द जोडून तो फार क्वचित बोलत असे. सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आसपास मूल पन्नासेक शब्द बोलते आणि ‘आई ये’, ‘बाबा गेले’ अशी जोडणी करू लागते. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याची छोटी वाक्ये घराबाहेरच्या माणसालाही बऱ्यापैकी समजतात. या मुलाची शब्दसंख्याही वयाच्या मानाने कमीच होती, पण त्याहून मोठी अडचण ही की त्या शब्दांची वाक्ये होत नव्हती.

समज मात्र वयानुरूप होती. ‘चप्पल घे आणि आजीला दे’ अशी दुहेरी सूचना तो बिनचूक पाळत असे. खिडकीतून गाय दिसली की बोट दाखवून आधी गाईकडे आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहत असे, रिकाम्या कपातून चहा प्यायल्याचे नाटक करत असे, नावाने हाक मारली की वळत असे. बोट दाखवून आपला आनंद दुसऱ्याला देणे, नजर मिळवणे आणि खोटे-खोटे खेळणे या तीन गोष्टी अशा तपासणीत फार मोलाच्या असतात. मुळाक्षरे घडाघडा म्हणणारे पण स्वतःहून न बोलणारे मूल पाहिल्यावर स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता तपासावीच लागते. येथे तशी लक्षणे आढळली नाहीत.

श्रवणाच्या तपासणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘हाक मारली की वळतो, म्हणजे ऐकू येते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकते. अशा मुलाला हाक ऐकू येते, दाराची घंटा ऐकू येते, पण स, त, फ यांसारखे हलके आवाज आणि शब्दांच्या शेवटी येणारे प्रत्यय निसटतात. मराठीत ‘आईला’, ‘आईने’ आणि ‘आईचा’ यांतला सगळा फरक शेवटच्या अक्षरात असतो, म्हणून एवढीशी ऐकण्याची उणीवही वाक्यरचनेला नडते. याच कारणासाठी पुस्तकांची चर्चा सुरू करण्यापूर्वी मुलाची ओएई तपासणी (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणारी) आणि कानाच्या पडद्याची चाचणी करून घेतली. दोन्हींचे निष्कर्ष सामान्य आले. ते तसे आले नसते तर पुढचा सगळा मार्ग वेगळा झाला असता.

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता’ असे आत्याचे आणि मामांचे म्हणणे होते. त्यात अंशतः तथ्य आहे. दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण दहा-पंधरा मुले उशिरा बोलणारी असतात, त्यांत मुलग्यांचे प्रमाण अधिक असते आणि निम्म्याहून अधिक मुले पुढे बरोबरीला येतात. तथापि कोणते मूल आपोआप सावरेल आणि कोणते मागे राहील हे त्या वयात खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ‘थांबून पाहू’ हा सल्ला देताना थांबण्याच्या काळात घरी काय करायचे हेही सांगितले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मोबाइलचा प्रश्न येथेही होता. जेवताना बालगीतांचे व्हिडिओ लावले जात आणि ते दिवसाकाठी दीड-दोन तासांपर्यंत जात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनेही दोन ते पाच वर्षांसाठी हीच मर्यादा, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली, सांगितली आहे. जेवणाच्या वेळी मोबाइल बंद करण्याचे घरच्यांनी मान्य केले.

वाचन कसे चालत होते

वडिलांना रोजच्यासारखे वाचताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आणण्यास सांगितले होते. पहिले मुद्रण जवळजवळ निरुपयोगी निघाले, कारण त्यात डेझर्ट कूलरच्या घरघरीखाली मुलाचा आवाज बुडून गेला होता. नागपुरात एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, हे खरेच आहे. पण जो आवाज यंत्राला टिपता येत नाही तो मुलाच्या कानालाही धड मिळत नाही. मोठ्या माणसाला निम्मे शब्द ऐकू आले तरी उरलेले तो सवयीने भरून काढतो, भाषा शिकणाऱ्या मुलाकडे तशी पुंजी नसते. त्यामुळे पहिला बदल झाला तो वाचनाच्या जागेचा. कूलर असलेल्या खोलीतून उठून सकाळच्या वेळी बाल्कनीत बसायचे, किंवा वाचण्याच्या दहा मिनिटांपुरता कूलर बंद ठेवून फक्त पंखा लावायचा, असे ठरले.

दुसऱ्या मुद्रणात संवाद स्पष्ट ऐकू आला. त्याचा एक तुकडा असा होता :

‘हे काय?’ ‘ॲपल.’ ‘गुड. कोणता कलर?’ ‘रेड.’ ‘व्हेरी गुड. आणि हे काय? सांग, सांग. बनाना. म्हण, बनाना.’ ‘बनाना.’ ‘शाब्बास. आता हे?’

हे असेच शेवटच्या पानापर्यंत चालले होते. वडिलांचा आवाज अत्यंत प्रेमळ होता, मूलही आनंदात होते, तेव्हा या वाचनाला कोणी वाईट म्हणू नये. परंतु त्यात वडिलांना माहीत नसलेले असे मुलाने काहीही सांगितले नाही आणि सांगण्याची संधीही त्याला मिळाली नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेमतेम एक श्वास जात होता. तेवढ्यात उत्तर आले नाही तर वडीलच ते देऊन टाकत. मुलाच्या एकेका शब्दामागे वडिलांची सात-आठ वाक्ये होती आणि त्या वाक्यांमध्ये प्रश्न आणि शाबासकी सोडून तिसरे काही नव्हते.

पुस्तकांचा गठ्ठाही मागवून पाहिला. फळे, भाज्या, प्राणी, पक्षी, वाहने, आकार, मुळाक्षरे अशी जाड पुठ्ठ्याची, सुरेख छापलेली पुस्तके होती आणि प्रत्येक पानावर एक चित्र व खाली एक नाव होते. त्यात काहीच घडत नव्हते. कोणी पडत नव्हते, हरवत नव्हते, रुसत नव्हते, कोणी कोणाला शोधत नव्हते.

मराठी शिकणाऱ्या मुलासाठी ही उणीव फार महत्त्वाची आहे. मराठीत कर्ता गाळला तरी चालतो, क्रियापद उभे असले की वाक्य उभे राहते. ‘पडला!’ एवढे म्हटले तरी ते पूर्ण विधान होते आणि कोणीतरी एक, तो पुल्लिंगी, भूतकाळात, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. पडला, पडली, पडले, पडल्या ही रूपे मूल नियम पाठ करून शिकत नाही. घडलेल्या गोष्टींविषयी कोणीतरी त्याच्याशी शेकडो वेळा बोलते, त्यातून ती त्याच्या तोंडी बसतात. ‘ॲपल’ आणि ‘बस’ या नावांना असे काही चिकटलेले नसते. या मुलाला क्रियापदेच ऐकायला मिळत नव्हती असे नाही, घरात माणसे बोलतच होती; पण त्याच्याशी समोरासमोर, एकाच चित्राकडे पाहत, त्याचे लक्ष ज्यावर आहे त्याविषयी बोलण्याची जी दिवसातली हक्काची वेळ होती, ती पूर्णपणे नावांमध्ये खर्च होत होती.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत उलगडली. आजी गोष्टी सांगणारी बाई होती. पण तिची बोली वऱ्हाडी. ‘काऊन’ (का), ‘पाय ना’ (बघ ना), ‘करून राह्यला’ (करतो आहे) असे बोलणे मुलाच्या तोंडी बसले तर शाळेत हसतील, अशी आईला भीती होती आणि तिने सासूबाईंना तसे आदबीनेच सांगितले होते. ‘आई, तुम्ही त्याच्याशी थोडं शुद्ध बोला.’ आजींनी ते मनाला लावून घेतले नाही, पण त्या बोलण्याच्या कमी झाल्या. अशा रीतीने घरातली सर्वांत अधिक वेळ मोकळी असलेली आणि सर्वांत ओघाने बोलणारी व्यक्ती मुलाशी जवळजवळ गप्प झाली होती.

काय बदलायचे ठरले

१९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक छोटा अभ्यास या कुटुंबाला समजावून सांगितला, कारण त्यांच्या शंकेचे नेमके उत्तर त्यात आहे. २१ ते ३५ महिने वयाच्या मुलांची सुमारे तीस कुटुंबे त्यात होती. सगळीच मुलांना वाचून दाखवणारी होती आणि अभ्यासाच्या महिन्याभरात दोन्ही गटांनी सारख्याच प्रमाणात वाचन केले. फरक एवढाच होता की एका गटातील पालकांना वाचनाची पद्धत बदलायला शिकवले : हो-नाहीत किंवा बोट दाखवून संपणारे प्रश्न कमी करायचे, ‘काय चाललंय इथं?’ असे मोकळे प्रश्न विचारायचे, मूल जे म्हणेल त्यात भर घालून ते परत म्हणायचे. महिन्याच्या शेवटी या गटातील मुले बोलण्याच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे होती आणि नऊ महिन्यांनंतरही तो फरक, कमी झालेला असला तरी, टिकून होता. या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात. वाचनाचा वेळ सारखाच असताना पद्धतीमुळे फरक पडतो, हे ऐकल्यावर वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आपली वर्षभराहून अधिक काळाची मेहनत वाया गेली असे त्यांना वाटत होते; प्रत्यक्षात रोज पुस्तक घेऊन बसण्याची जी सवय त्यांनी मुलाला लावली होती, ती अनेक घरांमध्ये लावता लागत नाही.

पुस्तके बदलली. घटना असलेली, एका पानावर एक-दोनच ओळी असलेली, मोठ्या चित्रांची मराठी पुस्तके निवडली. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची अशी पुस्तके कमी किमतीत मिळतात, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचीही चांगली बालपुस्तके आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके विनामूल्य आहेत, पण ती मोबाइलवर न दाखवता पाने छापून घ्यावीत असे सुचवले, कारण मोबाइल हातात आला की या मुलाला व्हिडिओच हवे असत. एक पुस्तक मुद्दाम अक्षरे नसलेले घेतले, त्यात हरवलेल्या करडाची गोष्ट निव्वळ चित्रांतून होती. ते आजींसाठी होते. त्यांना बारीक अक्षर वाचायला त्रास होतो आणि वाचून दाखवण्यापेक्षा सांगणे त्यांना कितीतरी चांगले येते.

पद्धतीबाबत जाणीवपूर्वक थोड्याच सूचना दिल्या, कारण सूचनांची लांबलचक यादी हातात पडली की पालक मुलाकडे पाहायचे सोडून यादीकडे पाहू लागतात. मूल ज्या चित्राकडे पाहत असेल त्याविषयीच बोलायचे, मग गोष्ट पुढे सरकली नाही तरी चालेल. काही विचारले किंवा सांगितले की मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबायचे. मूल एक शब्द बोलले तर तो स्वीकारून त्याचे छोटे वाक्य करून परत द्यायचे. ‘बॉल’ म्हटले तर ‘हो, बॉल पाण्यात पडला’. चुकीचे रूप वापरले तर ‘असं नाही म्हणायचं’ असे न सांगता आपल्या उत्तरात योग्य रूप सहज येऊ द्यायचे. आणि एकच पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागत असेल तर कंटाळा न करता तेच वाचायचे, कारण पुढे काय होणार हे ठाऊक झाल्यावरच लहान मुलाला बोलायची हिंमत येते.

भाषेच्या प्रश्नावर बराच वेळ बोलणे झाले. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते, असे संशोधनातून दिसत नाही. नागपुरात खालच्या अंगणात हिंदी, घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी हे लाखो मुलांचे नेहमीचे जगणे आहे. पण कोणतीही भाषा शिकण्यासाठी ती कोणीतरी मुलाशी खऱ्या अर्थाने बोलावी लागते. या घरात इंग्रजी कोणीच बोलत नव्हते, फक्त तिची नावे मुलाला पाठ करवली जात होती. उलट आजींच्या वऱ्हाडीत कर्ता, कर्म, क्रियापद, प्रत्यय, लिंग, वचन सगळे काही जागच्या जागी आहे. ‘बैल पाणी पिऊन राह्यला’ म्हणणाऱ्या मुलाला पुढे ‘बैल पाणी पितो आहे’ म्हणायला शाळेत फारसा वेळ लागत नाही. ज्याच्याकडे वाक्यच नाही त्याला मात्र प्रमाणभाषाही शिकवता येत नाही. आईने हे लगेच मान्य केले असे नाही. ‘बघू,’ एवढेच ती त्या दिवशी म्हणाली.

पुढील महिन्यांत काय घडले

पहिले तीन-चार आठवडे निराशाजनक होते. नवी पुस्तके मुलाला आवडेनात, तो ती बाजूला सारून वाहनांचे जुने पुस्तक घेऊन येई. ते काढून घेऊ नये, त्याच पुस्तकात घटना आणाव्यात, असे सुचवले. त्यामुळे बसच्या चित्रावर ‘बस थांबली. आजी चढली. अरे, बाबा राहिले!’ असे सुरू झाले आणि ‘बाबा राहिले’ यावर मुलगा खदखदून हसू लागला. वडिलांना गप्प राहणे फार जड गेले. दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करून आलेल्या माणसाला दहा मिनिटे मुलाजवळ बसून पाच-पाच सेकंद शांत राहायचे म्हणजे आपण काहीच करत नाही असे वाटे, आणि ते पुन्हा ‘हे काय?’ वर येत. आईची अडचण वेगळी होती. छापलेली ओळ जशीच्या तशी वाचली नाही तर पुस्तक वाचले असे तिला वाटत नसे, त्यामुळे मूल मध्येच बोट ठेवी तेव्हाही ती ओळ पूर्ण करून मगच त्याच्याकडे वळे.

वळण आले ते आजींमुळे. अक्षरे नसलेल्या करडाच्या पुस्तकात त्यांना थांबवणारी ओळच नव्हती. ऑगस्टमधील मुद्रणातला हा तुकडा आहे :

‘हे पाय बापू, करडू कुठं चढून राह्यलं?’ यानंतर बराच वेळ शांतता आहे, पान चाचपल्याचा आवाज आहे. मग मुलगा म्हणतो, ‘वर.’ आजी म्हणतात, ‘हो ना, वर चढलं. कौलावर चढलं.’ पुन्हा शांतता. ‘पडलं?’ असे मुलगा स्वतःहून विचारतो. ‘पडन का? तू सांग.’ ‘नाही पडत.’

जूनमधील मुद्रणाशेजारी हा तुकडा ठेवला की काय बदलले ते सांगावे लागत नाही. ‘पडलं?’ हा प्रश्न मुलाने विचारला आहे, त्याचे उत्तर आजींनी न देता त्याच्याकडे परत सोपवले आहे, आणि ‘नाही पडत’ हे त्याने केलेले दोन शब्दांचे विधान आहे, ज्यात एक क्रियापद आहे. आजींना कोणी ही पद्धत शिकवली नव्हती. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याकडून ‘हुं’ची आणि ‘मग?’ची वाट पाहण्याची जी जुनी रीत आहे, तीच त्या पुस्तक हातात घेऊन चालवत होत्या. आईवडिलांनी हे मुद्रण ऐकले, आणि त्यानंतर आजींच्या बोलीचा विषय घरात निघाला नाही.

त्यानंतर पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे भेट म्हणून खाऊ किंवा पैसे, मिळतो. भोसल्यांच्या काळापासूनची ही प्रथा शहरात आजही उत्साहाने पाळली जाते. त्या दिवसाचे फोटो छापून आईने वहीच्या पानांवर चिकटवले आणि सुईदोऱ्याने शिवून त्याचे पुस्तक केले : बैलाला रंग देताना, बैलाचे चाक निघाले तेव्हा, आजोळच्या मामांनी ते ठोकून बसवले तेव्हा, शेजारच्या काकूंनी हातावर नाणे ठेवले तेव्हा. छापील ओळ नसल्यामुळे आईलाही आता बोलावेच लागले आणि मुलाला ते सगळे आईइतकेच ठाऊक होते. जे आठवते ते सांगणे, तेही ज्याला माहीत नाही अशा माणसाला सांगणे, ही भाषेची बरीच वरची पायरी आहे. रात्रपाळीहून सकाळी परतलेल्या वडिलांना मुलाने ते पुस्तक उघडून ‘चाक निघालं. मामा ठोकला’ असे सांगितले. वडिलांनी ‘हो का? मामांनी ठोकलं?’ एवढेच म्हटले आणि पुढचे ऐकायला थांबले. ‘ने’ प्रत्यय आणि क्रियापदाचे रूप अजून बसले नव्हते, पण दोन घटना एकापाठोपाठ, ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने सांगितल्या गेल्या होत्या.

दिवाळीनंतर, मुलाला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, पुन्हा तपासणी केली. तीन-चार शब्दांची वाक्ये नियमितपणे येत होती, क्रियापदे मोजता मोजता सोडून द्यावीत इतकी झाली होती, ‘कुठे’ आणि ‘कोण’ हे प्रश्न तो विचारत होता. ‘का’ अजून येत नव्हते. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग रूपांची गल्लत होत होती, पण ती या वयाला साजेशीच आहे. बालवाडीतल्या शिक्षिकेच्या सांगण्यानुसार तो गटात अजून कमी बोलतो, पण एकट्याला विचारले तर उत्तर देतो.

निष्कर्षांच्या मर्यादा

ही सगळी प्रगती वाचनाची पद्धत बदलल्यामुळे झाली, असा दावा एका मुलावरून करता येत नाही. याच काळात जेवतानाचा मोबाइल बंद झाला, बालवाडी सुरू झाली, आजी पुन्हा मोकळेपणाने बोलू लागल्या आणि मूल पाच महिन्यांनी मोठेही झाले. उशिरा बोलणाऱ्या अनेक मुलांप्रमाणे तो कदाचित आपल्या गतीनेही सावरला असता. मुलांसोबतच्या पुस्तकवाचनावरील अभ्यासांचा १९९५ मध्ये ॲड्रियाना बस आणि सहकाऱ्यांनी एकत्रित आढावा घेतला, तेव्हा भाषा व वाचनक्षमतेत मुलामुलांमध्ये दिसणाऱ्या फरकाचा सुमारे ८ टक्के भाग वाचनाशी जोडता आला. हा आकडा लहान वाटेल, पण जी गोष्ट घरातल्या घरात, दिवसातली दहा-पंधरा मिनिटे देऊन करता येते, तिच्यासाठी तो लहान नाही. आणि या आकड्यामुळे ‘वाचूनही मूल बोलत नाही’ म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आईवडिलांचे ओझेही थोडे कमी व्हावे.

या कुटुंबाला खासगी तपासणी परवडली. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतात आणि भाषेचा विलंब त्या तपासणीच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी मूल किती शब्द बोलते, दोन शब्द जोडते का आणि हळू आवाजात मागून बोलले तर वळते का, हे आईने स्वतःहून सांगावे. रांगेतल्या दोन मिनिटांत अनोळखी डॉक्टरांसमोर कोणतेच मूल बोलून दाखवत नाही.

या मुलाला सध्या नियमित स्पीच थेरपीची आवश्यकता वाटत नाही. पुढचा आढावा तो साडेतीन वर्षांचा होईल तेव्हा घ्यायचा आहे. ओळखीची गोष्ट चित्रे न पाहता तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगतो का, ‘का’ असे विचारतो का आणि विचारले तर कारण सांगतो का, ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय बसले आहेत का आणि बालवाडीतल्या इतर मुलांशी तो आपणहून बोलतो का, हे त्या वेळी पाहिले जाईल. यांपैकी कशात तो मागे राहिलेला दिसला तर आठवड्यातून एकदा थेरपी सुरू करावी लागेल, हे घरच्यांना आताच सांगून ठेवले आहे. मधल्या काळात दर महिन्याला एक मुद्रण पाठवायचे आहे आणि त्यातले निदान एक आजींचे असावे, असे ठरले आहे.